पापण्यांचे सौंदर्य की डोळ्यांशी खेळ?

पापण्यांचे केस लांब आणि दाट करणारी सीरमे आता घरबसल्या मागवता येतात. पण त्यांतल्या अनेकांमध्ये काचबिंदूच्या औषधाचेच भावंड दडलेले असते, हे किती जणींना ठाऊक असते?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या बडोद्याच्या घरी नणंदेची मुलगी महिनाभर राहायला आली होती. दोन महिन्यांवर तिचे लग्न आले होते, त्यामुळे घरात दिवसरात्र साड्या, दागिने आणि मेकअप यांचीच चर्चा. एका संध्याकाळी सासूबाई देवापुढे दिवा लावून बाहेर येऊन बसल्या. भाची त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली आणि एकदम म्हणाली, “आजी, तुझ्या डाव्या डोळ्याच्या पापण्या किती लांब आहेत गं! उजव्या डोळ्याच्या मात्र तशा नाहीत.”

आम्हाला त्यात नवल नव्हते. सासूबाईंच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. तीन वर्षांपासून रोज रात्री त्या डोळ्यात औषधाचा एक थेंब घालावा लागतो. या औषधाने पापण्यांचे केस थोडे वाढतील, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. सासूबाई हसून म्हणाल्या, “या वयात मला काय करायच्यात लांब पापण्या? तुलाच देऊन टाकते.”

बोलणे थट्टेवारी गेले. पण त्या महिन्यात एरवी महिनाभर पुरणारी थेंबांची बाटली विसाव्या दिवशीच संपली. सासूबाईंना वाटले, आपलाच हात थरथरतो, जास्त थेंब पडत असतील. “आत्ताच तर आणली होती, परत लगेच खर्च कशाला?” असा विचार करून त्या गप्प बसल्या आणि पाच रात्री औषधाविना राहिल्या. शेवटी भाचीलाच राहवले नाही. रडवेली होऊन ती माझ्याकडे आली. “मामी, चूक झाली. आजीचं औषध मी रोज रात्री पापण्यांना लावत होते.” जुन्या मस्काऱ्याचा ब्रश धुऊन, त्यावर थेंब घेऊन तिने तो पापण्यांच्या मुळांशी फिरवला होता. बाजारातल्या सीरमची किंमत तिला परवडणारी नव्हती, आणि दोन्हींत एकच चीज असते असे तिने कुठेतरी ऐकले होते.

दुसऱ्याच दिवशी दोघींना घेऊन मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. सासूबाईंच्या डोळ्यातला दाब थोडा वाढला होता, पण सुदैवाने नुकसान झाले नव्हते. मग डॉक्टरांनी भाचीचे डोळे तपासले. पापण्यांच्या कडा लाल झाल्या होत्या आणि वरच्या पापणीवर एक बारीक काळसर रेघ उमटली होती. ती रेघ म्हणजे नीट न पुसलेले काजळ, असे ती समजत होती!

डॉक्टर तिला रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “तू बाजारातलं सीरम घेतलं असतंस, तरी कदाचित औषधच लावलं असतंस. फरक एवढाच, की ते औषध आहे हे तुला कोणी सांगितलं नसतं.”

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणूनच हा लेखाचा खटाटोप.

पापणीचे केस कशासाठी?

पापण्यांना आपण सौंदर्याचे लेणे समजतो, पण निसर्गाने ते केस पहारेकरी म्हणून नेमले आहेत. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० आणि खालच्या पापणीला ७० ते ८० केस असतात. धुळीचा कण, चिलट किंवा पाण्याचा थेंब त्यांना नुसता स्पर्शून गेला, तरी डोळा क्षणार्धात मिटतो.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये या केसांचा मोठा मजेशीर अभ्यास प्रसिद्ध केला. २२ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या त्यांनी मोजल्या. डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश एवढी केसांची लांबी डोळ्याला सर्वांत सोयीची असते, असे त्यांना आढळले. तेवढ्या लांबीचे केस डोळ्यावरून जाणारा वारा अडवतात. त्यामुळे डोळा लवकर कोरडा पडत नाही आणि धूळही कमी बसते. केस त्याहून फार लांब झाले, तर ते उलट वारा डोळ्याकडे वळवतात. थोडक्यात, निसर्गाने दिलेली लांबी उगाच दिलेली नाही.

ही लांबी ठरते कशी? प्रत्येक केसाला वाढीचा काळ असतो, मग विश्रांतीचा काळ, आणि शेवटी तो गळून त्या जागी नवा येतो. डोक्यावरच्या केसाचा वाढीचा काळ काही वर्षांचा असतो, म्हणून वेणी कमरेपर्यंत पोहोचते. पापणीचा केस मात्र जेमतेम एक-दोन महिने वाढतो आणि थांबतो. म्हणजे पापणीचे केस लांब करायचे असतील, तर हा वाढीचा काळच लांबवायला हवा. एरंडेल तेलाला किंवा बदामाच्या तेलाला हे साधते, असा भरवशाचा पुरावा नाही. तेलाने केस चमकतात आणि काळेभोर दिसतात, एवढेच. शरीरातली ही घड्याळाची किल्ली फिरवू शकणारे एक द्रव्य मात्र नक्की सापडले आहे, आणि तेही अगदी अपघाताने!

काचबिंदूच्या औषधाची कहाणी

या द्रव्याचे कुळ म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. स्वीडनचे शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३० च्या दशकात त्याला हे नाव दिले. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत ते तयार होते, असे त्या वेळी वाटले होते. पुढे कळले, की आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक भागात प्रोस्टाग्लँडिने तयार होतात आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात मोठमोठी कामे करतात. सूज, ताप आणि वेदना यांत त्यांचा हात असतो. ॲस्पिरिनने ठणका कमी होतो, तो ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिने तयार होऊ देत नाही म्हणून. बाळंतपणात गर्भाशयाच्या कळा सुरू होण्यातही त्यांचा वाटा असतो. म्हणूनच बाळंतपणाच्या कळा आणण्यासाठी डॉक्टर याच कुळातली औषधे वापरतात. या संशोधनासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन या तीन शास्त्रज्ञांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात काम करणारे लास्लो बिटो यांनी वेगळाच शोध लावला. प्रोस्टाग्लँडिन अगदी थोड्या प्रमाणात डोळ्यात घातले, तर डोळ्याच्या आतील दाब उतरतो, हे त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. काचबिंदूत हा दाब दृष्टीच्या नसेला इजा करतो, आणि एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही. त्यामुळे हा शोध वरदानच ठरला. १९९६ मध्ये लॅटॅनोप्रोस्ट हे औषध अमेरिकेत मंजूर झाले, तर २००१ मध्ये बिमॅटोप्रोस्ट आणि ट्रॅव्होप्रोस्ट. दिवसातून फक्त एक थेंब! आज आपल्याकडेही असंख्य रुग्णांची दृष्टी या थेंबांवर टिकून आहे.

औषध बाजारात येऊन वर्ष होते न होते, तोच अमेरिकेतील डॉक्टर मरे जॉन्स्टन यांनी १९९७ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्या रुग्णांच्या एकाच डोळ्यात थेंब घातले जात होते, त्यांच्या फक्त त्याच डोळ्याचे पापणीचे केस लांब, जाड आणि काळे झाले होते. अगदी आमच्या सासूबाईंसारखे!

औषध शृंगाराच्या बाजारात

डॉक्टरांना जो दुष्परिणाम वाटला, त्यात व्यापाऱ्यांना संधी दिसली. बिमॅटोप्रोस्ट बनवणाऱ्या ॲलर्गन कंपनीने पापण्यांसाठी त्याची रीतसर चाचणी घेतली. २७८ जणांवर १६ आठवडे चाललेल्या या चाचणीत, औषध लावणाऱ्यांपैकी ७८ टक्के जणांच्या पापण्यांत स्पष्ट सुधारणा दिसली. औषध नसलेला द्राव लावणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘लॅटिस’ या नावाने ते मंजूर केले. पण कशासाठी आणि कसे? पापण्यांचे केस अपुरे असणाऱ्यांसाठी, आणि तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. सोबत दुष्परिणामांची यादीही द्यावी लागली.

म्हणजे ज्या कंपनीने सरळ मार्गाने जायचे ठरवले, तिला चाचण्या घ्याव्या लागल्या आणि धोके छापावे लागले. पण आडवाटही होतीच. औषधाच्या रेणूत थोडासा फेरफार करायचा, त्याला नवे नाव द्यायचे आणि ‘सौंदर्यप्रसाधन’ म्हणून विकायचे! मग चिठ्ठी नको, चाचणी नको आणि यादीही नको.

अशी सीरमे लॅटिसच्या आधीपासूनच बाजारात होती. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी अधिकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील एका कंपनीवर छापा घालून पापण्यांच्या सीरमच्या १२,६८२ नळ्या जप्त केल्या. त्यांची किंमत सुमारे २० लाख डॉलर होती. त्या सीरममध्ये फेरफार केलेले द्रव्य नव्हते, तर चक्क बिमॅटोप्रोस्टच होते. काचबिंदूचे थेंब घालणाऱ्या एखाद्या रुग्णाने हे सीरमही लावले, तर थेंबांचा परिणाम बिघडून दृष्टीच्या नसेला इजा होऊ शकते, असा इशारा तेव्हा सरकारने दिला होता. २०११ मध्ये आणखी एका अमेरिकी उत्पादकाला आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट हे द्रव्य असलेल्या सीरमांबद्दल इशारापत्र गेले. याच द्रव्यावरून रोडन अँड फील्ड्स या मोठ्या कंपनीला ग्राहकांनी कोर्टात खेचले. दुष्परिणामांची माहिती ग्राहकांपासून लपवल्याचा आरोप कंपनीने मान्य केला नाही, पण २०२२ मध्ये ३ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करून खटला मिटवला.

क्लोप्रोस्टेनॉल म्हणजे काय?

आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट हे नाव आपल्याला परके वाटते, पण त्याचा मूळपुरुष आपल्या गोठ्यातला आहे. क्लोप्रोस्टेनॉल नावाचे इंजेक्शन गायी-म्हशींना माजावर आणण्यासाठी पशुवैद्य वापरतात. गाभण जनावराला ते दिले, तर गाभ पडू शकतो. ते त्वचेतून शरीरात शिरते. म्हणून गरोदर स्त्रियांनी आणि दम्याच्या रुग्णांनी ते हाताळताना फार जपावे, अशी सूचना त्याच्या वेष्टनावर असते. सीरममधले द्रव्य म्हणजे त्याचेच एक रूप. डोळ्याच्या पडद्यातून सहज आत शिरावे, अशा धर्तीचे.

आता न्यायाने हेही सांगायला हवे, की गायीला दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या तुलनेत पापणीवर लावले जाणारे प्रमाण फारच थोडे असते. पापणीला सीरम लावल्याने गर्भपात होतो, असे मुळीच नाही. पण एवढ्याशा प्रमाणात जे द्रव्य शरीराचे घड्याळ बदलू शकते, ते गरोदरपणात किंवा बाळाला अंगावर पाजताना केवळ शोभेसाठी लावावे का, याचे उत्तर सुज्ञ वाचकांना वेगळे सांगायला नको.

कोणते धोके संभवतात?

भाचीच्या पापण्यांच्या कडा लाल झाल्या, खाज आली. हा सर्वांत नेहमीचा त्रास. डोळे चुरचुरणे आणि कोरडे वाटणे हेही त्यातलेच. वापर थांबवला, की हा त्रास बहुधा जातो.

दुसरा परिणाम म्हणजे पापणीच्या त्वचेवर येणारा काळेपणा. हे द्रव्य रंग तयार करणाऱ्या पेशींना जास्त कामाला लावते. आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर ही रेघ किंवा डोळ्याभोवतीचे काळे वर्तुळ सहज नजरेत भरते. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत हा रंग बहुतेक वेळा फिका होतो. गंमत म्हणजे अनेकजणी ही काळी वर्तुळे झाकण्यासाठी आणखी एक क्रीम विकत घेतात!

तिसरा परिणाम बुबुळाच्या रंगावर होतो. घारे, हिरवट किंवा मिश्र रंगाचे डोळे असतील, तर बुबुळ हळूहळू तपकिरी होऊ शकते. काचबिंदूचे थेंब घेणाऱ्या रुग्णांत हे नीट नोंदवले गेले आहे. हा बदल कायमचा असतो. पापणीच्या मुळाशी लावलेले द्रव्य डोळ्यात थोडेच उतरते, त्यामुळे सीरमने असे होण्याची शक्यता कमी, पण ती नाहीच असे नाही. लॅटिसच्या माहितीपत्रकात तसा इशारा आहे. गडद तपकिरी डोळ्यांत हा बदल सहसा दिसत नाही. पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या अनेक घरांत घारे डोळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांनी तर जास्तच जपायला हवे.

चौथा परिणाम फारच थोड्यांना माहीत आहे. डोळा खोबणीत चरबीच्या मऊ गादीवर बसलेला असतो. प्रोस्टाग्लँडिनामुळे ही चरबी कमी होऊ शकते. मग वरच्या पापणीवर खळगा पडतो, डोळा आत गेल्यासारखा दिसतो आणि चेहरा थकलेला, वयस्कर भासू लागतो. बिमॅटोप्रोस्टचे थेंब घेणाऱ्या रुग्णांत हा बदल २००४ मध्ये प्रथम नोंदवला गेला. औषध थांबवल्यावर तो पुष्कळदा काही प्रमाणात भरून निघतो, पण पूर्ण निघेलच याची खात्री देता येत नाही. तरुण दिसण्यासाठी लावलेले सीरम चेहऱ्यावर वय आणत असेल, तर याहून महाग सौदा कोणता?

आणि इतके करून हाती काय? वापर थांबवला, की केसांचा वाढीचा काळ पूर्ववत होतो आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत पापण्या पहिल्यासारख्या होतात. म्हणजे लांब पापण्या टिकवायच्या, तर बाटली आयुष्यभर चालू ठेवायची.

लेबल कसे वाचावे?

२०२२ च्या फेब्रुवारीत युरोपीय संघाच्या ग्राहक सुरक्षा वैज्ञानिक समितीने या द्रव्यांविषयी आपले मत जाहीर केले. आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट ०.००६ टक्क्यांपर्यंत आणि एथिल टॅफ्लुप्रोस्टामाइड ०.०१८ टक्क्यांपर्यंत सुरक्षित आहे का, असा प्रश्न समितीपुढे होता. हाती असलेल्या माहितीवरून ती सुरक्षित असल्याचा निर्वाळा देता येत नाही, असे समितीने सांगितले. इतक्या अल्प प्रमाणातही परिणाम करणारी द्रव्ये डोळ्याजवळ वापरली जातात, याबद्दल तिने काळजीही व्यक्त केली.

०.००६ टक्के हा आकडा लक्षात ठेवा. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते. जास्त प्रमाणातले घटक आधी लिहायचे, पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे सगळे काम करणारे हे द्रव्य गुलाबाच्या अर्काच्या आणि जीवनसत्त्वांच्या गर्दीत शेवटी कुठेतरी बारीक अक्षरांत बसलेले असते. पुढच्या बाजूला मात्र ‘नैसर्गिक’, ‘वनौषधियुक्त’ असे ठळक शब्द!

एक सोपी खूण सांगते. इंग्रजी यादीत पी, आर, ओ, एस, टी ही पाच अक्षरे एका ओळीने कुठे येतात का, ते शोधा. क्लोप्रोस्टेनेट, टॅफ्लुप्रोस्टामाइड, एथिलक्लोप्रोस्टेनोलामाइड, नॉरअल्फाप्रोस्टाल, नॉरबिमॅटोप्रोस्ट... नावे कितीही लांबलचक असोत, ‘प्रोस्ट’ हे आडनाव बहुतेक वेळा लपत नाही. ते दिसले, की समजा हे सीरम काचबिंदूच्या औषधाच्या घराण्यातले आहे. आणि यादीच दिलेली नसेल, तर ती वस्तू घेऊच नका. मग ती कितीही मोठ्या दुकानात मिळो वा परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेली असो.

कायद्याच्या नजरेतून

आपला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. त्यात दोन्हींची व्याख्या वेगळी आहे. शरीर स्वच्छ करण्यासाठी, सुंदर दिसण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी अंगाला चोळायची वा लावायची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी वापरायचा आणि सरकारने तसा जाहीर केलेला पदार्थ औषधांत मोडतो.

आता साध्या माणसाच्या बुद्धीने विचार करा. मस्कारा केसाला रंग देतो, म्हणजे ते प्रसाधन. पण जे केसाच्या मुळाशी जाऊन त्याचा वाढीचा काळ लांबवते, त्वचेचा रंग बदलते आणि डोळ्यातला दाबही खाली आणू शकते, त्याला काय म्हणायचे? सीरमने पापण्या खरोखर वाढत नसतील, तर पैसे पाण्यात गेले. आणि खरोखर वाढत असतील, तर ते औषधाचे काम करते आहे. मग औषधासारखीच काळजी घ्यायला हवी: नाव माहीत हवे, प्रमाण माहीत हवे, दुष्परिणाम माहीत हवेत आणि डॉक्टरांचा सल्ला हवा.

डोळ्यातल्या दाबाचा मुद्दा तर विशेष महत्त्वाचा. तुम्ही सीरम लावत असाल आणि डोळे तपासायला गेलात, तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा. नाहीतर दाबाचा आकडा कमी येऊन काचबिंदूची सुरुवात नजरेतून निसटू शकते.

पापण्या विरळच असतील तर?

पापण्यांचे केस गळणे हे कधी कधी आजाराचे लक्षण असते. पापणीच्या कडांना कोंडा किंवा सूज येणे, थायरॉइडचा विकार, चाई पडणे, मेकअपची ॲलर्जी, अशी अनेक कारणे असतात. भुवया आणि पापण्या विरळ होणे हे कुष्ठरोगाचेही एक लक्षण असू शकते, आणि तो वेळेवर ओळखला तर औषधांनी पूर्ण बरा होतो. त्यावर सीरम लावत बसणे म्हणजे घराला आग लागलेली असताना भिंती रंगवण्यासारखे आहे.

कर्करोगाच्या औषधोपचारात काही जणींच्या भुवया-पापण्या पूर्ण गळतात. उपचार संपल्यावर त्या बहुधा परत येतात. तोवर आरशात पाहणे जड जाते, हे दुःख खरे आहे. त्याला कोणी नटवेपणा म्हणू नये. अशा वेळी डॉक्टर विचार करून, डोळे तपासून, ठरावीक काळासाठी योग्य औषध देऊ शकतात. आक्षेप द्रव्यावर नाही, ते लपवून विकण्यावर आहे.

बाकीच्यांसाठी साधे नियम पुरेत. रात्री झोपताना मेकअप हलक्या हाताने पुसा, डोळे चोळू नका. मस्कारा तीन महिन्यांत बदला आणि कोणाबरोबर वाटून घेऊ नका. कोणतेही सीरम लावून डोळे लाल झाले, पापणी काळवंडली, अंधुक दिसू लागले तर ताबडतोब थांबवा आणि बाटली घेऊनच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्यासाठी इंडियन फार्माकोपिया कमिशनचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. सौंदर्यप्रसाधनाची तक्रार आपल्या राज्याच्या औषध प्रशासनाकडे करता येते.

आणि एक कळकळीची विनंती. हा लेख वाचून काचबिंदूच्या एकाही रुग्णाने आपले थेंब बंद करू नयेत. तिथे हेच द्रव्य दृष्टी वाचवते. पापण्या लांब होणे, कडा थोड्या काळसर होणे ही त्यासाठी मोजलेली फार छोटी किंमत आहे. त्रास होत असेल, तर डॉक्टर औषध बदलून देतील, पण ते त्यांनीच ठरवायचे. एकाच्या डोळ्यातले औषध दुसऱ्याने वापरू नये, हेही तितकेच खरे. बाटलीला परक्या ब्रशचा स्पर्श झाला, तर जंतुसंसर्ग रुग्णाच्याच डोळ्यात जातो.

आमच्या भाचीचे लग्न थाटात झाले. काळसर रेघ तोवर पुष्कळ फिकी झाली होती, उरलेली काजळाने झाकली. फोटोत तिच्या पापण्या होत्या तेवढ्याच आहेत आणि त्यात कोणाला काही कमी वाटले नाही. सासरी जाण्याआधी तिने एक काम मात्र आठवणीने केले. आजीच्या मोबाइलमध्ये रोज रात्री नऊचा गजर लावून दिला. तो वाजला, की सासूबाई हातातले काम ठेवतात, मान मागे करतात आणि डाव्या डोळ्यात तो एक थेंब घालतात.